जयपूर फूट: देणग्यांच्या बळावर मिळणारा मोफत पाय
पाय गमावलेल्या गरीब माणसाला कृत्रिम पाय विकत घेणे बहुधा परवडत नाही, आणि मदत मागायला गेल्यावर दाखले व शिफारसपत्रे जमवण्यातच त्याची उमेद खचते. डी. आर. मेहता यांनी १९७५ मध्ये जयपूर येथे स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीची सेवा मला म्हणूनच फार मोलाची वाटते. येथे पाय पूर्णपणे मोफत मिळतो, खर्च देणग्या आणि सरकारी अनुदानातून भागतो, आणि बाहेरगावच्या रुग्णाच्या राहण्याजेवणाची सोयही संस्थाच करते. कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेले ‘जयपूर फूट’ हे रबरी पाऊल आपल्या राहणीला साजेसे आहे: ते लावून अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, ओल्या शेतातही उतरता येते. मात्र उरलेल्या अवयवाचा आकार कालांतराने बदलतो आणि सॉकेट, म्हणजे तो अवयव ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा पोकळ भाग, सैल पडते, त्यामुळे शिबिरात पाय बसवून घेणाऱ्यांनी पुढील दुरुस्ती कोठे होईल हे त्याच वेळी विचारून घ्यावे.