वीतभर काळी वायर: पिकअपला एलईडी टेल लाईट लावून सात महिने

नोव्हेंबरात मी या संचाला एक तारा देऊन शिव्या घातल्या होत्या. आता तीन देतोय. निम्मी चूक दुसऱ्याची निघाली, म्हणून दोन तारे वाढवले. उरलेले दोन का कापले, तेच सांगतो.

गाडी २०१६ ची पिकअप. मे महिन्यात जुना हौदा सडला म्हणून काढला आणि कोल्हापूरजवळ शिरोलीत नवा बांधून घेतला. जुन्या दिव्यांच्या काचा तशाही फुटक्याच होत्या, म्हणून हा बारा व्होल्टचा संच ऑनलाइन मागवला. १,९५० रुपये, वर दोन सोनेरी रेझिस्टर, म्हणजे इंडिकेटरच्या वायरीवर मुद्दाम करंट खाणारे ठोकळे. उजेड, वॉटरप्रूफ, वॉरंटी हे सगळं खोक्यावर छापलंय, ते परत लिहीत नाही. उजेड चांगला आहे.

मला बोलायचंय ते काळ्या वायरीबद्दल.

टेल, ब्रेक, इंडिकेटर या तिन्ही वायरी हातभर लांब दिल्यात. काळी, म्हणजे अर्थिंगची, दिव्यातला करंट चेसिसच्या लोखंडी सांगाड्यातनं बॅटरीच्या मायनसला परत न्यायची, ती वीतभर. टेप लावून मोजली, १६ सेंटिमीटर. टोकाला एक रिंग. म्हणजे दिवा ज्या बोल्टने बसवायचा त्यालाच रिंग अडकवा आणि मोकळे व्हा. १,९५० रुपये घेताना हात आखडला नाही, काळी वायर कापताना बरोबर आखडला.

पावसाळाभर काही त्रास नव्हता. दसऱ्यानंतर गूळ भरून राधानगरीवरनं फोंडा घाट उतरून कुडाळला गेलो. जाताना सगळं ठीक. येताना गाडी रिकामी, तिन्हीसांज झालेली, मागनं एक मोटरसायकलवाला हॉर्न मारत शेजारी आला. "ओ मालक, तुमची डावी लाईट उलटी मारालीया!"

उलटी म्हणजे काय, ते उतरून बघितल्यावर कळलं. टेल लाईट लागलेली. डावा इंडिकेटर दिला की मागचा पिवळा लागायच्या ऐवजी लाल टेलच विझायची. पुढचा इंडिकेटर पेटला की मागं अंधार, पुढचा विझला की मागं लाल. ब्रेक दाबला तर डावी बाजू उजवीपेक्षा मंद. उसाच्या बिनदिव्याच्या ट्रॉल्यांना आपण रोज शिव्या देतो, आणि त्या रात्री त्याच रस्त्यावर मी तसाच चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात वायरमन मामांकडे. त्यांनी टेस्ट लॅम्पचा चिमटा चेसिसला लावला, टोक कपलरच्या, म्हणजे दिव्याच्या वायरी जोडायच्या खटक्याच्या, एकेका पिनेला. तिन्हीवर लख्ख पेटला. "वायरिंग एकदम ओके. दिवा गेलाय, भावा." मग दिवा सोडवून थेट बॅटरीला लावला, तर तोही सणसणीत चालला! "मग कपलर असंल." कपलर बदलला, २०० रुपये गेले, रोग तसाच.

मी विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला, तावातावाने एक तारा दिला. त्याने मुकाट्याने नवा डावा दिवा पाठवला. तोसुद्धा उलटाच मारायला लागला. तेव्हा कुठं माझा आवाज खाली आला.

गुपित फुटलं मार्केट यार्डात. गुळाचे रवे भरून झाले, सवयीने मागं जाऊन बघितलं, तर डावी बाजू शहाण्यासारखी चाललेली. माल उतरवला, परत उलटी. मामांना फोन केला. पलीकडे क्षणभर शांतता, मग, "आरं लेका, हौद्याला अर्थिंगच नाही की!"

नवा हौदा चेसिसवर लाकडी पट्ट्या टाकून बसवलाय आणि यू-क्लॅम्पने आवळलाय. क्लॅम्पलाही रंग, हौद्यालाही रंग. काळी वायर हौद्याच्या पत्र्याला, आणि पत्रा चेसिसला फक्त रंग खरवडलेल्या चार ठिकाणी टेकलेला. पावसाळ्यात तिथं गंज चढला. माल भरला की वजनाने लोखंड लोखंडाला भिडायचं, रिकामी झाली की सुटायचं. उजव्या दिव्याचा बोल्ट नेमका स्टेपनीच्या ब्रॅकेटमधनं चेसिसपर्यंत पोचत होता, म्हणून ती बाजू बिनघोर.

आणि उलटं मारायचं कारण? फुकट मिळालेला रेझिस्टर. तो इंडिकेटरची वायर आणि काळी वायर यांच्यामध्ये जोडतात. काळ्या वायरीचा रस्ता बंद झाल्यावर टेलचा करंट रेझिस्टरमधनं उलटा शिरून पुढच्या इंडिकेटरच्या बल्बातनं अर्थला जायचा. एवढ्याशा करंटने तो २१ वॅटचा बल्ब पेटत नाही, म्हणून कुणाला संशयही येत नाही. इंडिकेटर दिला की त्याच वायरीवर बारा व्होल्ट येतात, चोरवाट बंद, टेल विझली. रेझिस्टर नसता तर डावा दिवा सरळ मेला असता आणि मामांना अर्थिंग पहिल्या दिवशीच आठवलं असतं.

टेस्ट लॅम्पने हे का सापडलं नाही, तर त्याचा चिमटा चेसिसला होता. प्लस बाजू तपासली, परतीची वाट कुणी बघितलीच नाही. तपासायचं असं: दिवा जोडलेला ठेवा, टेल चालू, कुणालातरी ब्रेक दाबायला बसवा. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून एक कांडी दिव्याच्या काळ्या वायरीला, दुसरी बॅटरीच्या मायनसला. आकडा शून्याच्या आसपास हवा. माझा २.६ व्होल्ट आला, आणि इंडिकेटर लागला की ११ च्या वर. दुसरं काही बघायची गरजच उरली नाही.

इलाज: अडीच एमएमची काळी वायर, दोन्ही दिव्यांपासून चेसिसवरच्या कंपनीच्या मूळ अर्थ पॉइंटपर्यंत. पीळ मारून चिकटपट्टी नाही, रिंग दाबून क्रिम्प करून वर हीट श्रिंकची नळी. खालचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत काढला, दातेरी वॉशर टाकून नट आवळला, वरनं व्हॅसलीन. वायर आणि सामान मिळून १४० रुपये. मामांनी मजुरी घेतली नाही, उलट चहा पाजला. मीटरवर आता ०.०४.

मग रेझिस्टरवर नजर गेली, कारण एकदा बोट लागलं आणि पोळलं. सहा ओहमचा आहे. बारा व्होल्टला दोन अँपिअर ओढतो, म्हणजे २४ वॅट. एलईडी कशासाठी, तर वीज वाचावी म्हणून. २१ वॅटचा बल्ब काढला आणि फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) कमी करंट बघून पटापट मारू नये म्हणून त्याच्याहून जास्त खाणारा ठोकळा लावला! काटकसरीच्या नावाखाली अशी उधळपट्टी मला सहन होत नाही. माझ्या गाडीत फ्लॅशर डॅशखाली वेगळा आहे, म्हणून १८० रुपयांचा एलईडीवाला फ्लॅशर टाकला आणि दोन्ही रेझिस्टर काढून फेकले. ज्यांच्या गाडीत हे काम बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर, करतं, त्यांना ही सोय नाही. त्यांनी निदान रेझिस्टर उघड्या लोखंडावर बसवावा, प्लॅस्टिकला किंवा वायरींच्या जुडग्याला टेकवू नये.

बॉडीवाल्याला फोन केला. अर्थिंग कुठं दिलंस विचारलं. म्हणाला, "मालक, हौदा लोखंडाचाच हाय की."

दोन महिने झाले, त्यानंतर एकदाही तक्रार नाही. जानेवारीत पासिंगही झालं. दिव्यांत पाणी नाही, काच पिवळी पडलेली नाही. पण पुस्तिकेत "बॉडीला अर्थ द्या" एवढंच वाक्य आहे आणि वायर १६ सेंटिमीटर, म्हणून दोन तारे कापले ते कापलेच.

विक्रेता आता पहिला डावा दिवा परत मागतोय, तो चांगलाच होता म्हणून. बरोबर आहे त्याचं. कुरिअरचे १२० रुपये कुणी द्यायचे यावर आठवडाभर बोलणं चाललंय. पाठवायचा झालाच, तर मामांनी घातलेला कपलर काढून घेऊनच पाठवणार. तो माझ्या पैशाचा आहे.