सिमवाला कॅमेरा, खोटं कस्टमर केअर आणि माझे ७२,४७४ रुपये

आकडा आधीच सांगतो: ७२,४७४ रुपये. त्यातले २८,९७४ कॅमेऱ्यात गेले आणि ४३,५०० त्या कॅमेऱ्याची तक्रार करायला गेलो तिथे गेले. चार महिने घरच्यांशिवाय कुणाला बोललो नाही. सोयऱ्याधायऱ्यांत लाज वाटत होती. मी बी.एस्सी. झालेला माणूस, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना मीच सांगायचो की ओटीपी कुणाला देऊ नका. पण मागच्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या एका भाऊंनी तसलाच कॅमेरा मागवल्याचं कळलं, म्हणून लिहायला बसलो.

आमची केळी सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जिल्ह्यात. बांधाला लागून नाला, नाल्यापलीकडे जंगल. रानडुकरं रात्री येतात आणि नुसती खात नाहीत, खोडाचा कंद उकरून झाड आडवं करतात. एका रात्रीत चाळीस-पन्नास झाडं गेलेली मी बघितली आहेत. त्यात विहिरीवरच्या मोटारीच्या केबलची चोरी. तांब्यासाठी कापून नेतात, वरचं प्लास्टिक जाळतात आणि भंगारात विकतात. रात्रीच्या लाइटीची पाळी असली की एकट्याने शेतात जावं लागतं, बिबट्याचे ठसे तर दर हिवाळ्यात दिसतात. अशा माणसाला कुणी सांगितलं की झाडाला कॅमेरा बांध, घरी बसल्या फोनवर फोटो येतील, तर तो घेणार नाही का? मी हौस म्हणून घेतला नव्हता.

हे कॅमेरे मुळात अमेरिका-कॅनडातल्या शिकाऱ्यांसाठी निघाले. हरीण कुठल्या वाटेने आणि किती वाजता येतं हे बघायला ते लोक जंगलात झाडाला बांधतात, आत सिम असतं, फोटो थेट मोबाइलवर येतो. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि मला डुकरं मारायची नव्हती, फक्त कधी येतात ते कळायला हवं होतं. विकणाऱ्याने नेमकं तेच हेरलं. म्हणाला, "दादा, वाघ मोजायला सरकार हेच कॅमेरे लावतं." २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते हे खरं आहे, मी वाचलेलं होतं, म्हणून माझा विश्वास बसला. पण तसल्या गणनेत कॅमेऱ्यातलं कार्ड माणूस जंगलात जाऊन काढून आणतो. तिथे सिमवर, ॲपवर, कुणाच्या सर्व्हरवर काही अडलेलं नसतं. माझा घात त्या सिमने आणि ॲपनेच केला.

१९ ऑक्टोबर २०२४ ला ऑर्डर दिली. दोन कॅमेरे, प्रत्येकी ११,४९९, म्हणजे २२,९९८. शिवाय ॲपचा वर्षाचा प्लॅन, महिना २४९ प्रमाणे एका कॅमेऱ्याचे २,९८८, दोघांचे ५,९७६. हे सगळं आगाऊ. वर्षभराचे पैसे आगाऊ घेणाऱ्याला पुढे तुमचा फोन उचलायची गरज उरत नाही, हे आज कळतं. महिन्याचा प्लॅन मागा. नाही म्हणाला तर घेऊ नका.

डबा आला तेव्हा मी तो हातात घेऊन चारही बाजूंनी बघितला होता. आपल्याकडे बाहेरून आणलेल्या पाकीटबंद मालावर आयातदाराचं नाव, पत्ता, कुठल्या देशात बनला ते आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल छापलेलं असावं लागतं, २०११ च्या नियमांतच आहे. त्या डब्यावर यातलं एक अक्षर नव्हतं. झाडाचं चित्र, हरणाचं चित्र आणि एक बारकोड. मला काहीतरी रिकामं रिकामं वाटलं होतं, हे मी खोटं सांगणार नाही. पण धाकट्याने तोवर बॅटऱ्या भरल्या आणि अंगणातून फोटो आला. आमची गाय, गोठ्याचं दार, खाली तारीख-वेळ. सगळे खूश झालो. त्याच क्षणी डबा पुन्हा बांधून परत पाठवायला हवा होता. परतीची मुदत सात दिवसांची होती आणि ते सातही दिवस मी कॅमेरा अंगणातच ठेवला, कारण शेतात केळी कापायची धांदल होती.

शेतात बांधला तेव्हा खेळ सुरू झाला. दिवसाला तीनशे-चारशे फोटो, एकातही जनावर नाही. नुसती पानं. या कॅमेऱ्याचा सेन्सर हलणारी उष्णता ओळखतो. उन्हात तापलेलं केळीचं पान वाऱ्याने हललं की त्याला वाटतं कुणीतरी आलं. जंगलातल्या मोकळ्या पायवाटेसाठी केलेली वस्तू केळीच्या बागेत अशी वागते, हे विकणाऱ्याने सांगायला नको? मग आठ सेलची बॅटरी सहा दिवसांत १०० वरून १८ टक्क्यांवर. मग फोटोच बंद. ॲपमध्ये नुसतं "शेवटचा संपर्क" आणि तीन दिवसांपूर्वीची तारीख.

माझ्या स्वतःच्या मोबाइलला तिथे चार काड्या रेंज असायची, त्यामुळे नेटवर्कवर माझा संशयच गेला नाही. मी कॅमेरा वर बांधला, खाली बांधला, तोंड फिरवलं, सेल बदलले. शेवटी बाजारपेठेतल्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्या पोराने मॅन्युअलचं शेवटचं पान उघडून बोट ठेवलं. कॅमेऱ्याचे ४जी बँड, म्हणजे तो नेटवर्कच्या कुठल्या लहरी पकडतो त्यांचे नंबर, लिहिले होते: २, ४, ५, १२, १३, १७, ६६. हे अमेरिकेचे. आपल्याकडे ४जी मुख्यतः १, ३, ५, ८, ४० वर चालतं. दोघांत जुळणारा एकच, पाच नंबरचा. गावातल्या टॉवरवर तो असणार म्हणून अंगणात चालला, शेताकडच्या टॉवरवर नसणार. तो रात्रभर नेटवर्क शोधत राहायचा आणि त्यातच सेल संपवायचा. पोराला हे सांगायला दोन मिनिटं लागली आणि त्याने पैसे घेतले नाहीत. विकणाऱ्याने मात्र लिहून दिलं होतं, "कोणतंही सिम चालेल." तो मेसेज मी जपून ठेवला आहे. तुम्ही घेणार असाल तर बँड आधी विचारा, लेखी विचारा.

११ डिसेंबरच्या रात्री केबल गेली. २८० फूट. सकाळी गेलो तर विहिरीच्या काठावर दोन टोकं लोंबत होती, कापलेली तांब्याची तार सोन्यासारखी चमकत होती, आणि चोर कॅमेऱ्याच्या समोरून चालत गेले होते, चिखलात चपलांचे ठसे होते. ॲपमध्ये काही नाही. कार्ड काढून बघितलं, शेवटचा फोटो ८ तारखेचा. १४,३०० रुपयांची नवी केबल टाकली. ते पैसे मी वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

आता त्यांचं सपोर्ट. नऊ ईमेल केले. प्रत्येकाला पहिलं उत्तर तेच, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. मग कार्ड फॉरमॅट करा, सॉफ्टवेअर अपडेट करा, सेलचा फोटो पाठवा, कॅमेऱ्याचा व्हिडिओ पाठवा. सगळं पाठवलं. मग विकणारा म्हणतो ही कंपनीची जबाबदारी, कंपनी म्हणते विकणाऱ्याशी बोला, ॲपवाले म्हणतात आम्ही फक्त ॲप चालवतो. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निपटारा महिन्यात व्हायला हवा. मला पोच दर वेळी मिळाली, निपटारा एकदाही नाही. फोन नंबर कुठेच नव्हता. ना डब्यावर, ना मॅन्युअलमध्ये, ना ॲपमध्ये.

म्हणून १६ डिसेंबरला दुपारी मी तो नेटवर शोधला. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. कंपनीचं नाव टाकलं, पुढे कस्टमर केअर लिहिलं, पहिलाच नंबर लागला. पलीकडचा माणूस गोड हिंदीत बोलला, मॉडेल नंबरसुद्धा त्यानेच सांगितला असं मला तेव्हा वाटलं. आज आठवतो तर लक्षात येतं, मीच पहिल्या वाक्यात सांगितला होता. म्हणाला, दोन्ही कॅमेऱ्यांचे पूर्ण पैसे परत करतो, तक्रारीचा फॉर्म व्हॉट्सॲपवर पाठवतो, भरा आणि दहा रुपये टोकन टाका.

तो फॉर्म म्हणजे ॲपची फाइल होती, शेवटी एपीके लिहिलेलं. मी बांधावर उभा, हाताला केळीचा चीक लागलेला, स्क्रीनवर बोट नीट उमटत नव्हतं. फोनने स्वतः विचारलं की हे अनोळखी ठिकाणचं ॲप आहे, धोका होऊ शकतो, तरी टाकायचं का. बोट चिकामुळे लागलं नाही म्हणून मी ते सदऱ्याला पुसलं आणि पुन्हा दाबलं. मग त्याने मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. थांबायला एवढी जागा मिळाली होती. फोन विचारतोय, बोट लागत नाहीये, आणि मी बोट पुसून दाबतोय. चार महिने झाले, झोपताना तेच दिसतं.

दहा रुपयांसाठी त्या पानावर कार्डाचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे भरले. पहिले १० गेले. ४ वाजून ३१ मिनिटांनी २४,९९०. ओटीपी मी कुणालाही सांगितला नाही, सांगायची गरजच नव्हती, ते ॲप माझे मेसेज पलीकडे पाठवत होतं. जे मला म्हणतात "ओटीपी दिल्याशिवाय पैसे जात नाहीत", त्यांनी हे वाचावं.

आणि माझा खरा संताप इथून पुढचा आहे. ४ वाजून ४० मिनिटांनी मी शाखेच्या फोनवर कळवलं की खात्यातून पैसे चाललेत, बंद करा. उत्तर मिळालं, साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या लेखी अर्ज घेऊन या. ५ वाजून ५ मिनिटांनी आणखी १८,५०० गेले. कळवल्यानंतर पंचवीस मिनिटांनी! रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, ग्राहकाची चूक असली तरी बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेने सोसायचं. मी ते छापून नेलं. साहेबांनी वाचलंही नाही. म्हणाले, तुम्ही फोन केल्याची नोंद नाही. माझ्या मोबाइलच्या कॉल यादीत वेळ दिसतेय, त्यांच्याकडे नोंद नाही. म्हणून सांगतो, शाखेला फोन करू नका. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर करा, कार्ड बंद करा, तक्रार क्रमांक घ्या, मग दुसरं काम.

सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर मी संध्याकाळी सातला तक्रार दिली. तोही उशीरच. त्यातून ६,२१० रुपये पुढच्या एका खात्यात अडवून धरलेले आहेत, अजून माझ्या हातात आलेले नाहीत. आधी १९३०, नातेवाइकांना फोन नंतर. मी आधी मेहुण्याला विचारत बसलो.

पोलीस ठाण्यात गेलो तर हे सायबरचं काम, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला गेलो तर आधी स्थानिक ठाण्यात द्या. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत स्पष्ट आहे की हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यायची, कलम १७३. हे मी बोललो तर समोरचा म्हणाला, "वकील आहेस का?" केबलच्या चोरीसाठी जुन्या केबलचं पक्कं बिल मागितलं. दहा वर्षांपूर्वीच्या केबलचं बिल कोण जपतं? कॅमेऱ्याचं विचारलं तर म्हणाले ते ग्राहक आयोगाचं. एका महिन्यात अकरा फेऱ्या, दर फेरीला एस.टी., झेरॉक्स आणि बुडालेला दिवस. शेवटी एका तरुण हवालदार ताईंनी बसवून घेतलं, सगळं टाइप केलं, प्रत दिली. त्यांना माझा नमस्कार आहे. बाकीच्यांनी मला चोर असल्यासारखं उभं ठेवलं.

आई आमची अहिराणीत म्हणाली, "गयात त्या गयात, जीवले लाई नको लेऊ." तिच्यासमोर मान हलवली. पण मी सोडणार नाही.

कॅमेऱ्याची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच दाखल करता येते, विकणाऱ्याच्या शहरात जावं लागत नाही. हे मला कुणी सांगितलं नाही, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर स्वतः फोन करून कळलं. वकील केला नाही. बँकेची तक्रार आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आहे. दुसरे १८,५०० मला हवेत, ते माझे आहेत आणि कळवल्यानंतर गेलेले आहेत.

कुणाकडे हरणाचं चित्र असलेला, आयातदाराचं नाव नसलेला असा डबा असेल तर फेकू नका. माझा डबा मी पेटीत ठेवला आहे, बिल, मॅन्युअलचं ते शेवटचं पान आणि "कोणतंही सिम चालेल" हा मेसेज छापून त्याच्यासोबत. पुढची तारीख २२ ला आहे. सगळं सोबत नेणार आहे.