गवती चहाचं तेल: शेतकऱ्याकडून की व्यापाऱ्याकडून?

कुडाळची माझी मावसबहीण घरी साबण करते. गवती चहाचं तेल थेट शेतकऱ्याकडून घ्यावं की व्यापाऱ्याकडून, यावर तिचं अडलंय. बाटलीवरचं ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’ बाजूला ठेवून बघू.

आधी पैसा. शंभर किलो ओल्या पाल्यातून तेल निघतं जेमतेम अर्धा किलो. कापणी, वाहतूक, पाला वाफवून तेल काढायच्या भट्टीचं जळण, तिची दोन-तीन तासांची राखण, सगळं त्या अर्ध्या किलोवर चढतं. म्हणून कोणी फारच स्वस्त देत असेल तर एक तर तेलात भेसळ असते, नाहीतर कापणाऱ्या बाईची मजुरी मारलेली असते. शेतकऱ्याला हा हिशेब समोर बसून विचारता येतो. व्यापाऱ्याकडे चार गावांचा माल एकत्र झालेला. कोणाच्या हातात किती पडले, हे बहुतेक वेळा त्यालाही सांगता येत नाही.

दर्जात मात्र व्यापारी सरस. सिट्रालचा (तेलाला लिंबासारखा वास देणारा घटक) तपासणी अहवाल मिळतो, वास दर खेपेला सारखा. शेतकऱ्याचं तेल ऋतूप्रमाणे बदलतं. पावसाळी पाल्यात पाणी जास्त, तेल कमी. गेल्या वर्षी मी आणलेलं तेल साध्या पाण्याच्या बाटलीत भरलेलं होतं, महिनाभरात प्लास्टिक मऊ पडलं. काचेची बाटली आपणच न्यावी. थोडी आगाऊ रक्कमही, शेतकऱ्याला जळण आधी विकत घ्यावं लागतं.

दर महिन्याला पाच-दहा लिटर, एकाच वासाचं हवं असेल तर व्यापारी. पण गाव आणि शेतकऱ्याला दिलेला दर लेखी मागावा. बहिणीसारखं वर्षाला लिटर-दोन लिटर लागत असेल तर थेट शेतकरीच, तेही दर आधी ठरवून.