तफावत मोजावी की प्रतिसाद पाहावा?

अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी सामान्य असूनही वाचन-लेखनासारखी कौशल्ये शिकताना येणारी सततची अडचण, ओळखण्याच्या जुन्या पद्धतीत बुद्ध्यांक आणि वाचन-लेखनातील प्रत्यक्ष कामगिरी यांतील तफावत मोजली जाते; परंतु ती नजरेत भरण्याइतकी वाढेपर्यंत मूल बहुधा तिसरी-चौथीत पोहोचलेले असते आणि तोवर ‘आळशी’ हा शिक्का बसलेला असतो. दुसऱ्या पद्धतीत निदानाची वाट न पाहता लहान गटात नेमके अध्यापन सुरू करून ठरावीक काळाने प्रगती, म्हणजे त्या अध्यापनाला मुलाने दिलेला प्रतिसाद, तपासली जाते: ‘कमल’ऐवजी ‘कलम’ वाचणारे मूल अक्षर-ध्वनींच्या सरावानंतरही तिथेच अडखळते का, हे त्यातून दिसते. अमेरिकेच्या २००४ च्या विशेष शिक्षण कायद्याने तफावतीची सक्ती काढली, ते योग्यच झाले. मात्र शिकवणेच ढिसाळ असेल, तर प्रतिसादावरून काढलेला निष्कर्षही फसतो. शिवाय अडचण स्मरणात आहे की ध्वनींमधील फरक ओळखण्यात, हे समजण्यासाठी सविस्तर चाचणी लागतेच.