सीलबंद डबा आणि न सांगता बसलेला ड्रायव्हर

कॉम्प्युटरवर खेळायच्या गेमचा सीलबंद डबा घेणार असाल, तर पैसे देण्याआधी दुकानदाराचं किमतीचं स्टिकर नखाने थोडं उचलून पाहा. नाशिकच्या एमजी रोडवर २,४९९ रुपये मोजून मी भाच्यासाठी डबा घेतला. त्यावरच्या स्टिकरखाली बारीक इंग्रजी अक्षरांत दोन ओळी होत्या. खेळायला इंटरनेट लागेल, आणि ॲक्टिव्हेशनची, म्हणजे कोड टाकून गेम एखाद्या कॉम्प्युटरवर चालू करण्याची, संख्या मर्यादित आहे. किती मर्यादित, ते तिथेही नव्हतं. आत डिस्कसुद्धा नव्हती. एक पुठ्ठा आणि त्यावर छापलेला कोड. काउंटरवरचा माणूस मात्र ‘एकदम ओरिजिनल आहे दादा, लाइफटाइम खेळा’ म्हणून मोकळा झाला होता.

माझं सिडकोत डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, पुण्यस्मरणाची कार्डं, निवडणूक आली की पत्रकं. चांगलं ग्राफिक कार्ड असलेलं मशीन माझ्याचकडे, म्हणून भाच्याने सुट्टीत गेम त्यावर टाकला. विंडोजने नेहमीसारखी परवानगी विचारली, त्याने ‘येस’ दाबलं. गेमबरोबर एक ड्रायव्हरही, म्हणजे पडद्यामागे चालणारं छोटं सॉफ्टवेअर, आत शिरला. गेम खरा की चोरीचा, हे तपासायला कंपनीने ठेवलेला पहारेकरी. हा गेम चालू असो वा नसो, मशीन सुरू झालं की विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसतो. डब्यावर, पुठ्ठ्यावर, इन्स्टॉल करताना, कुठेही त्याचा उल्लेख नाही.

त्याच आठवड्यात मशीन कोलमडल्याचा निळा स्क्रीन यायला लागला. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे ते सॉफ्टवेअर चालायला कॉम्प्युटरला लावावी लागणारी छोटी किल्ली, लावला की मशीन आडवं. लग्नसराईचे दिवस, एका मुलीच्या वडिलांना रात्रीपर्यंत प्रूफ हवं होतं, आणि इकडे ‘श्री गजानन प्रसन्न’च्या पुढे पत्रिका सरकेना. शहरातल्याच कॅनडा कॉर्नरहून टेक्निशियन आला. त्याने फॉरमॅट मारला, सगळं परत टाकलं, गेमही टाकला. पुन्हा तेच. मग त्याने मदरबोर्डवर खापर फोडलं. नवा मदरबोर्ड, पुन्हा विंडोज, पुन्हा गेम, पुन्हा निळा स्क्रीन. शेवटी स्क्रीनच्या तळाशी येणारं फाइलचं नाव मोबाइलवर फोटो काढून शोधलं, तेव्हा कळलं की ही फाइल विंडोजची नाही, फॉन्टवाल्यांची नाही, गेमच्या पहारेकऱ्याची आहे. गेम अनइन्स्टॉल केला तरी ती जागची हलली नाही. परत फॉरमॅट करून गेम न टाकता मशीन चालवलं, आणि डोंगल विनातक्रार चालला.

गेम भाच्याच्या घरी नाशिकरोडला त्यांच्या कॉम्प्युटरवर टाकून पाहिला. उत्तर आलं, ॲक्टिव्हेशनची मर्यादा संपली. म्हणजे फॉरमॅट झाला की त्यांच्या हिशेबी तो नवा कॉम्प्युटर, मदरबोर्ड बदलला की आणखी एक नवा. मर्यादा होती तीनची. त्यांच्याच ड्रायव्हरने मशीन पाडलं, ते दुरुस्त करताना आमची उरलेली दोन ॲक्टिव्हेशन्सही खर्ची पडली. कंपनीच्या कस्टमर केअरने गोड इंग्रजीत कळवलं की कृपया नवी प्रत विकत घ्या.

दुकानात गेलो तर ‘सील तुटलं, कोड वापरला, आता आम्ही काय करणार दादा?’ बिलाच्या तळाशी ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का होताच. निघताना तिथल्याच पोराने हळूच विचारलं, ‘तीनशे रुपयांत ऑफलाइन ॲक्टिव्हेशन करून देऊ का?’ यात दुसऱ्या कुणाच्या तरी अकाउंटवरून तुमच्या मशीनवर गेम उघडून देतात, आणि वर अँटिव्हायरस बंद ठेवायला सांगतात. आधी फसलेला माणूस दुसऱ्यांदा कापला जातो तो इथेच. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५ए आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मी काढता पाय घेतला.

एक सांगतो, कॉपी होऊ नये म्हणून कुणी सॉफ्टवेअरला लॉक लावलं याचा मला राग नाही. माझी रोजीरोटीच डोंगलवर चालते. पण डोंगल डोळ्यांना दिसतो, काढून दुसऱ्या मशीनला लावता येतो, आणि विकताना ‘साहेब, याशिवाय चालणार नाही, हरवू नका’ असं बजावून देतात.

माझ्या ओळखीच्या वकीलबाईंनी पहिला प्रश्न हाच विचारला. ‘त्रास काय झाला ते नंतर सांगा. पैसे घेण्याआधी तुम्हाला यातलं काय सांगितलं होतं?’ परदेशात या विषयावर जे खटले झाले, त्यांची नाडीही हीच आहे म्हणाल्या. २००५ मध्ये सोनी-बीएमजीच्या गाण्यांच्या सीडी कॉम्प्युटरमध्ये घातल्या की लपून राहणारं सॉफ्टवेअर बसायचं. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ते उघडकीला आणलं, टेक्सास राज्याने दावा लावला, आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीत कंपनीला ग्राहकांच्या बिघडलेल्या मशीनसाठी १५० डॉलरपर्यंत भरपाई कबूल करावी लागली. २००६ मध्ये युबिसॉफ्टवर कॅलिफोर्नियात ५० लाख डॉलरचा दावा झाला. गेमबरोबर येणारे स्टारफोर्स या कॉपी रोखणाऱ्या संरक्षणाचे ड्रायव्हर न सांगता बसतात आणि मशीनची सुरक्षा पोखरतात, असा आरोप होता. काही आठवड्यांत कंपनीने स्टारफोर्स वापरणं सोडलं.

२००८ मधला ‘स्पोर’ तर जवळजवळ माझीच कहाणी. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा गेम, सिक्युरॉम नावाचं संरक्षण, ॲक्टिव्हेशन्स तीन. गेम काढला तरी सिक्युरॉम मशीनवर राहतं आणि हे ग्राहकाला सांगितलेलं नाही, अशी फिर्याद गेम बाजारात आल्याच्या महिन्यातच अमेरिकेत दाखल झाली. ओरड वाढल्यावर तीनाची पाच झाली. गंमत म्हणजे एवढा बंदोबस्त करूनही त्या वर्षी सर्वांत जास्त चोरून उतरवलेल्या गेमांत ‘स्पोर’चं नाव आघाडीवर होतं. चोरणाऱ्याला ना सिक्युरॉम भेटलं, ना मर्यादा. पैसे मोजणाऱ्यालाच दोन्ही.

जाता जाता, जुन्या बाजारात मिळणाऱ्या गेमच्या सीडींबद्दल. सेफडिस्क हे असंच जुनं संरक्षण आणि सिक्युरॉमच्या काही आवृत्त्या मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० मधून सुरक्षेच्या कारणासाठी बाद केल्या. सीडी चकाचक असली तरी गेम उघडेलच असं नाही.

आता आपल्याकडचं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, ती दुकानदाराकडे गेली, त्याने उत्तर दिलं नाही. मग जीपीओतून नोटिसा पाठवल्या: दुकानदार, कंपनी आणि आयातदार. आयातदाराचं नाव-पत्ता डब्यावर छापलेला असतो, म्हणून डबा फेकू नका. परदेशातल्या कंपनीच्या मागे धावण्यापेक्षा हा पत्ता कामाचा. त्यानंतर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते, मुंबई-बंगळुरूला जावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची. बिलावर परतीची मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष माल तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरतं, त्यामुळे तो शिक्का बघून गप्प बसायचं कारण नाही.

वकीलबाईंनी दोन ठिकाणी हात धरला. कंपनीचा करार अन्यायकारक आहे, असं मला ठणकावून लिहायचं होतं. त्या म्हणाल्या, ‘अन्यायकारक कराराची तक्रार राज्य आयोगाकडे जाते, इथे लिहाल तर हेच कारण दाखवून परत पाठवतील. माहिती दडवली आणि माल सदोष निघाला, एवढ्यावर राहा.’ दुसरं, बुडालेल्या पत्रिकांचं नुकसान मला आधी मांडायचं होतं. तसं केलं तर समोरचा वकील ‘हे मशीन धंद्याचं, हा ग्राहकच नव्हे’ म्हणणार. गेम घरच्या मुलासाठी घेतला हे बिलासकट पुढे ठेवलं. मदरबोर्ड आणि फॉरमॅटचा खर्च त्यामागे.

कंपनीतर्फे अपेक्षेप्रमाणे कराराचं कलम पुढे आलं: वाद परदेशात, कोर्टाऐवजी लवादापुढे. पण लवादाचं कलम असलं तरी ग्राहकाला आयोगाकडे येता येतं, हे एमार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१८ रोजी स्पष्ट केलंय. दुकानदाराने लेखी उत्तरात स्टिकर आयातदाराने लावल्याचं म्हटलं. आयातदार म्हणतो दुकानदाराने. स्टिकरवर दुकानाचंच नाव आणि फोन नंबर छापलेला आहे, आणि तो डबा स्टिकर अर्धं उचललेल्या अवस्थेत फोटोंसह आयोगापुढे आहे.

सुनावणी अजून चालू आहे. दुकानदाराने मधल्या काळात २,४९९ परत देऊन मिटवायची तयारी दाखवली. मदरबोर्डचा खर्च आणि ड्रायव्हरबद्दल लेखी उत्तर मिळाल्याशिवाय मी सही करणार नाही. गेल्या दोन वर्षांत नाशकात कुणी असाच कोडवाला डबा घेतला असेल आणि स्टिकरखाली हाच मजकूर निघाला, तर बिल, डबा आणि निळ्या स्क्रीनचा फोटो जपून ठेवा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ खाली एकाच तक्रारीचे अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र येऊ शकतात, आणि तसा अर्ज करायची आमची तयारी आहे.