सक्शन टूथब्रश: बाबांसाठी घेतलेल्या सगळ्या सामानात हाच कामाचा निघाला

बाबांना पार्किन्सन्स आहे. वर्षभरात दोनदा न्यूमोनियाने ॲडमिट केलं तेव्हा कुठे कळलं की दुखणं छातीत नाही, गिळण्यात आहे. ठसका त्यांना कधी लागायचाच नाही हो, म्हणून आम्ही निवांत. मग बेरियम पाजून व्हिडिओ एक्स-रे काढला, त्यात स्क्रीनवर सरळ दिसलं, काळा घोट खाली उतरता उतरता त्यातला थोडा श्वासनलिकेत गेला आणि बाबा ढिम्म, खोकला नाही की काही नाही. सायलेंट ॲस्पिरेशन म्हणतात याला.

त्यानंतर आमची जी खरेदी सुटली ती विचारू नका. नाकाच्या जागी कापलेला कप (चांगला आहे, मान मागे टाकावी लागत नाही, एवढंच), पाणी घट्ट करायची पावडर, गळ्याला लावायचं करंटचं मशीन, फुंकायचं यंत्र, तोंडातली लाळ ओढून घेणारं पोर्टेबल सक्शन मशीन, आणि सगळ्यात शेवटी, तेही गिळण्याच्या थेरपिस्टबाई मागेच लागल्या म्हणून, त्या मशीनला जोडायचा सक्शन टूथब्रश.

पावडरीबद्दल आधी. पहिली आणली ती स्टार्चवाली, पाणी ठेवलं की घट्टच होत जायचं आणि तोंडात लाळ मिसळली की परत पातळ, म्हणजे ज्यासाठी घेतली तेच होईना. झँथन गमवाली घ्या, ती जशी कालवली तशी राहते. चमच्याच्या अंदाजावर मात्र जाऊ नका. १० एमएलची सिरींज, खाली बोट लावून कालवलेल्या पाण्याने १० पर्यंत भरायची, बोट काढून १० सेकंद मोजायचे, ४ ते ८ एमएल उरलं तर घट्टपणाची लेव्हल २, त्याहून जास्त उरलं पण थोडं तरी गळलं तर लेव्हल ३. कुठली लेव्हल हवी ते थेरपिस्ट सांगतात. बाबांना ते पाणी अजिबात आवडत नाही आणि त्यामुळे ते पाणीच कमी पितात, हा याचा मोठा तोटा, लक्ष ठेवावं लागतं.

करंटचं मशीन भाड्याने आणलं होतं, नशीब. इलेक्ट्रोड चिकटायला रोज गळ्याची दाढी करा, मुंग्या आल्यासारखं होतं म्हणून बाबांची कटकट ऐका, आणि फरक? आम्हाला तरी दिसला नाही. नुसतं लावून बसायचं नसतं, त्यासोबत गिळण्याचा व्यायाम करून घ्यायला थेरपिस्ट समोर लागतो, आणि तरीही सगळ्यांना गुण येतोच असं नाही म्हणे. परत केलं.

फुंकायचं यंत्र, ईएमएसटी म्हणजे श्वास सोडायच्या स्नायूंचा व्यायाम, हे आवडलं. आत स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो, जोर लावून फुंकलं तरच उघडतो, ३० ते १५० सेंटीमीटर पाण्याच्या दाबापर्यंत सेट होतं. ५ फुंका, असे ५ सेट, आठवड्यातून ५ दिवस. बीपीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. महिन्याभरात बाबांचा खोकला दुसऱ्या खोलीत ऐकू यायला लागला. पूर्वी नुसतं 'ह्ह' व्हायचं, आता छातीतलं बाहेर येतं.

आता ब्रश. दिसायला अगदीच साधा, डोक्याला बारीक भोकं, दांड्यावर अंगठ्याएवढं एक भोक, आणि शेपटीला सक्शनची नळी. दांड्यावरचं भोक दाबलं की ब्रश ओढायला लागतो, सोडलं की थांबतो. मला वाटलं होतं हे काय, चोचले. थेरपिस्टबाईंनी समजावलं की आपण घासाला घाबरतो पण लाळ दिवसभर, झोपेतसुद्धा, आत उतरतच असते, आणि दात घाण असतील तर त्या लाळेबरोबर जंतूही फुफ्फुसात जातात. १९९८ साली सुझन लँगमोर यांच्या टीमने म्हाताऱ्या माणसांवर अभ्यास केला त्यातही किडलेले दात आणि तोंडाच्या सफाईसाठी दुसऱ्यावर अवलंबून असणं या गोष्टी न्यूमोनियाशी जोडलेल्या निघाल्या. आणि आम्ही काय करत होतो, तर पाणी मोजून मापून घट्ट, आणि चूळ नीट भरता येत नाही म्हणून ब्रश कसातरी दोन हात मारून उरकलेला, कवळी रात्रभर तोंडातच.

आता कवळी रात्री बाहेर. बाबांना सरळ बसवायचं, हनुवटी किंचित खाली, फेस न होणारी पेस्ट मटारच्या दाण्याएवढी, आणि घासता घासता ओढत जायचं. पहिल्या दिवशी गालाच्या आतून जे निघालं ते मशीनच्या जारमध्ये बघून मला पोटात कसंतरी झालं, सकाळच्या गोळीचा अर्धा तुकडा होता त्यात, रात्री नऊ वाजता!

तक्रारी आहेतच. ब्रिसल लवकर वाकतात. भोकं पेस्टने बुजतात, दरवेळी शेवटी वाटीभर स्वच्छ पाणी ओढून नळी धुवायची, जार रोज घासायचा, काठोकाठ भरू द्यायचा नाही. मी एकदा भरू दिला, फिल्टर ओला झाला, मशीन नुसतं घरघर करतंय आणि ओढत काहीच नाही. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो मोटर गेली, नवीन घ्या. फिल्टर बदलला, चालू झालं. तेव्हा जास्तीचे दोन फिल्टर घरात असू द्या.

नऊ महिने झाले, न्यूमोनिया नाही. एकट्या ब्रशचं श्रेय म्हणणार नाही, फुंकणं आहे, पावडर आहे, पण यातली एकच वस्तू ठेवा म्हटलं तर मी हीच ठेवीन. पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो त्या दांड्यावरच्या भोकासाठी, हात थरथरणाऱ्या माणसाच्या अंगठ्याला ते सापडतच नाही. म्हणून ब्रश बाबा धरतात आणि भोक मी दाबते, आणि मी जरा जास्त वेळ दाबलं की ते डोळे वटारतात.