दहावीचं इंग्रजी आणि इतिहास : पाठ्यपुस्तक, डायजेस्ट आणि प्रश्नसंच, जून ते मार्च वापरून

हा अनुभव राज्य मंडळाच्या मराठी माध्यमापुरता आहे. म्हणजे इंग्रजी तृतीय भाषा, ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत. शिवाय इतिहास-राज्यशास्त्र, ४० गुणांचा दोन तासांचा पेपर. इंग्रजी माध्यमाच्या मुलांचं इंग्रजीचं पुस्तक आणि कृतिपत्रिका (म्हणजे प्रश्नपत्रिका) दोन्ही वेगळी असतात, त्यांनी थेट इतिहासाच्या भागावर जावं. सीबीएसई, आयसीएसईवाल्यांच्या कामाचं यात फारसं काही नाही.

वापरलेलं साहित्य : बालभारतीची दोन पाठ्यपुस्तकं, दोन्ही विषयांचं एकेक डायजेस्ट (नाव मुद्दाम देत नाही, साचा सगळ्यांचा जवळपास सारखाच), एक अपेक्षित प्रश्नसंच, मंडळाच्या मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि रेघी कागदांचा गठ्ठा. यातली शेवटची वस्तू सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. डायजेस्ट वाईट नाही, पण ते उत्तर लिहून झाल्यावर ताडून बघायला उघडायचं. आधी उघडलं की मूल उत्तर ओळखायला शिकतं, लिहायला शिकत नाही, आणि हा फरक जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेत उघडा पडतो.

इंग्रजीच्या ८० गुणांची वाटणी आधी नीट बघून घ्या. भाषाभ्यास १०, पाठ्यपुस्तकातले दोन उतारे २०, कविता १०, अपठित उतारा आणि त्याचा सारांश १५, लेखनकौशल्य २०, भाषांतर ५. म्हणजे पुस्तकातून थेट येतं ते ३० गुणांचं. बाकीचे ५० पाठांतराने हाती लागत नाहीत. तरीही घरोघरी वर्षभर पाठांची प्रश्नोत्तरंच घोकली जातात, कारण डायजेस्टची बहुतेक पानं त्यांनीच भरलेली असतात.

पहिला प्रश्न सोपा म्हणून घाईत उरकला जातो आणि तिथेच दोन-तीन गुण गळतात. सहांपैकी चार कृती सोडवायच्या असतात, प्रत्येकी दोन गुणांच्या. शब्द वर्णानुक्रमाने लावताना ‘स्टाफ’ आणि ‘स्टेशन’ असे शब्द शेजारी आले तर निर्णय चौथ्या अक्षरावर होतो. मुलं दुसऱ्या अक्षरानंतर बघतच नाहीत. दिलेल्या शब्दातून नवे शब्द तयार करताना मूळ शब्दात एकदाच असलेलं अक्षर दोनदा वापरलं की शब्द चूक, आणि प्रत्येक शब्द किमान तीन अक्षरांचा हवा. शब्दसाखळीत नामंच मागितलेली असतात, तिथे ‘इट’ किंवा ‘रेड’ चालत नाही. ‘ई’वर आणि ‘वाय’वर संपणारे शब्द आले की साखळी तुटते, म्हणून एग, इअर, एलिफंट, एंजिन, यार्ड, यिअर अशी चार-सहा नामं स्पेलिंगसकट हाताशी असावीत. विरामचिन्हांच्या वाक्यात अवतरणचिन्हं आठवणीने घातली जातात आणि अवतरणाच्या आतलं पहिलं मोठं अक्षर विसरलं जातं.

उताऱ्याखाली पाच कृती असतात, प्रत्येकी दोन गुणांच्या. पहिल्या दोन आकलनाच्या, तिसरी शब्दसंग्रहाची, चौथी व्याकरणाची, पाचवी स्वतःच्या मताची. आकृती किंवा तक्ता असेल तर तो जसाच्या तसा उत्तरपत्रिकेत काढून भरायचा. नुसती उत्तरं एकाखाली एक लिहिणं धोक्याचं. व्याकरणात ‘टू’ काढून ‘सो... दॅट’ वापरा म्हटलं तर पूर्ण वाक्य पुन्हा लिहायचं, बदललेला तुकडा नाही. हे प्रत्येक शिक्षक सांगतो आणि तरीही मुलं तुकडाच लिहितात, कारण डायजेस्टमध्ये जागा वाचवायला तुकडाच छापलेला असतो. पाचव्या कृतीत ‘आय थिंक’ने सुरुवात करून उताऱ्यातलीच दोन वाक्यं उतरवली तर ते मत होत नाही. तीन-चार स्वतःची वाक्यं पुरतात, त्यांत एक कारण आणि एक उदाहरण हवं.

कवितेच्या रसग्रहणाचे पाच गुण सर्वांत भरवशाचे आहेत. मुद्दे ठरलेले : शीर्षक, कवी, यमकरचना, आवडती ओळ, मध्यवर्ती कल्पना, एखादा अलंकार. आमच्या हाती आलेल्या डायजेस्टने सगळ्या कवितांच्या मध्यवर्ती कल्पनेला साधारण एकच गुळगुळीत परिच्छेद जोडला होता, नाव बदललं की कुठेही बसेल असा. त्यापेक्षा प्रत्येक कवितेसाठी एक पोस्टकार्डाएवढा कागद करावा. यमकरचना स्वतः ओळींच्या शेवटांवर अक्षरं टाकून काढावी, अलंकार सांगताना ती ओळ उद्धृत करून तो तिथे कसा होतो ते एका वाक्यात लिहावं. मुक्तछंदाची कविता असेल तर यमकरचना नाही, असंच स्पष्ट लिहायचं. जागा कोरी ठेवायची नाही.

अपठित उताऱ्याच्या जोडीला सारांश येतो, तो त्याच उताऱ्याचा. म्हणून उतारा वाचतानाच प्रत्येक परिच्छेदातल्या मुख्य वाक्याखाली पेन्सिलने खूण करत जावं. साधारण एक तृतीयांश लांबी, उदाहरणं आणि आकडे गाळायचे, शीर्षक द्यायचं. शीर्षक विसरणाऱ्यांची संख्या दरवर्षी तितकीच असते, याचं नवल वाटतं.

लेखनकौशल्यात पर्याय निवडणं हेच अर्धं काम. पत्र औपचारिक की अनौपचारिक, ते ऑक्टोबरातच पक्कं करून एकाचाच सराव केलेला बरा. औपचारिक पत्राला साचा असतो, विषयाची ओळ असते, भावनांचा गोंधळ नसतो. मध्यम इंग्रजी असलेल्या मुलासाठी तेच सुरक्षित. स्वतःचं नाव-पत्ता लिहायचा नाही, प्रश्नात दिलेलाच वापरायचा. माहितीच्या रूपांतरात परिच्छेदावरून तक्ता भरणं हे तक्त्यावरून परिच्छेद लिहिण्यापेक्षा कमी वेळ खातं आणि चुकायला जागाही कमी. पुढे बातमी किंवा गोष्ट. बातमीत मथळा, स्थळ आणि तारीख, मग पहिल्याच वाक्यात काय, कुठे, कधी. एवढं आलं की निम्मी बातमी झाली. गोष्टीत मुलं काळ बदलत राहतात, भूतकाळात सुरू करून वर्तमानात संपवतात. ज्यांचं हे सुटत नाही त्यांनी बातमी घ्यावी.

भाषांतराचे पाच गुण : चार शब्दांना दोन, दोन वाक्यांना दोन, एका म्हणीला एक. इथे मात्र डायजेस्ट खरंच कामाला आलं. मागे शब्दांची आणि म्हणींची यादी असते, ती ट्रेनमध्ये उभ्याउभ्या वाचता येते. वाक्याच्या भाषांतरात मात्र छापील मराठी बरेचदा इंग्रजीच्या क्रमाने चालतं. ते वाचून कानाला खटकलं तर आपलं मराठी ठेवा.

तीन तासांच्या वेळाची वाटणी : भाषाभ्यास २० मिनिटं, दोन उतारे ४५, कविता २०, अपठित आणि सारांश ३५, लेखन ४५, भाषांतर १०. उरतात पाच. २०२३ पासून प्रश्नपत्रिका आधी वाचायला मिळणारी दहा मिनिटं गेली आणि त्याऐवजी शेवटी दहा मिळू लागली. ती नवं लिहिण्यासाठी ठेवू नयेत, प्रश्नक्रमांक तपासायला ठेवावीत.

इतिहासाचं पुस्तक २०१८ साली बदललं आणि तेव्हापासून पालकांची एकच तक्रार : यात लढाया कुठे आहेत? नाहीत. इतिहासलेखनाची पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरा, उपयोजित इतिहास, कला, प्रसारमाध्यमं, मनोरंजन, खेळ, पर्यटन, ठेव्यांचं जतन अशी नऊ प्रकरणं आहेत, आणि पुढे राज्यशास्त्राची पाच. आमच्या मते पुस्तक चांगलं आहे, फक्त ते आई-वडिलांच्या आठवणीतल्या इतिहासासारखं वाचायला गेलं की हातातून निसटतं.

पहिली दोन प्रकरणं सर्वांत जड. नावं खूप आणि ती एकमेकांत मिसळतात. व्होल्टेअर आधुनिक इतिहासलेखनाचा जनक, रांके चिकित्सक पद्धतीचा, फुको ज्ञानाच्या पुरातत्त्वाचा, हेरोडोटस त्यांच्या फार आधीचा. ‘डिस्कोर्स ऑन द मेथड’ देकार्तचा, मार्क्सचा नव्हे. ‘चुकीची जोडी ओळखा’ या प्रश्नात ही अदलाबदल पुस्तकाच्या स्वाध्यायातच आहे. भारतीय परंपरेसाठी सहा खणांचा एक तक्ता करावा : वसाहतवादी, प्राच्यवादी, राष्ट्रवादी, मार्क्सवादी, वंचितांचा, स्त्रीवादी. प्रत्येक खणात दोन नावं आणि एक ग्रंथ. ग्रँट डफ वसाहतवादी खणात, मॅक्स म्युलर प्राच्यवादी, सावरकरांचा १८५७ वरचा ग्रंथ राष्ट्रवादी, कोसंबी मार्क्सवादी, रणजित गुहा वंचितांच्या, ताराबाई शिंदे यांची १८८२ची ‘स्त्रीपुरुष तुलना’ स्त्रीवादी. हा तक्ता कोऱ्या कागदावर न बघता भरता आला की या प्रकरणावरची वस्तुनिष्ठ, टिपेची आणि संकल्पनाचित्राची तिन्ही कामं एकदम होतात. डायजेस्टमध्ये हीच माहिती तीन ठिकाणी तीन प्रकारे विखुरलेली होती.

प्रसारमाध्यमांचं प्रकरण मुंबईच्या मुलाला सोपं जायला हवं, कारण त्यातलं बरंच इथेच घडलं. हिकीचं ‘बेंगॉल गॅझेट’ १७८० मध्ये कोलकात्यात. पण बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ १८३२ मध्ये मुंबईत, भाऊ महाजनांचं ‘प्रभाकर’ही इथलंच. १९२७ मध्ये खासगी रेडिओ कंपनीचं केंद्र मुंबईत सुरू झालं, दूरदर्शन दिल्लीत १९५९ मध्ये आणि मुंबईत १९७२ मध्ये आलं. अशी सालं एका उभ्या रेषेवर मांडली की लक्षात राहतात. वेगवेगळ्या उत्तरांत पाठ केली की राहत नाहीत.

पर्यटन आणि जतनाच्या प्रकरणांतही तेच. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १८७८ ते १८८८ या काळात बांधलं गेलं, २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं. घारापुरी १९८७ मध्ये, फोर्ट-मरीन ड्राइव्ह परिसरातल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी १९०५ची, लोकांसाठी ते खुलं झालं १९२२ मध्ये. सविस्तर उत्तरात यातलं एखादं उदाहरण घातलं तर उत्तर ओळखीच्या साच्यातून बाहेर येतं. पण उदाहरण मुद्द्याच्या जागी येऊ नये. मुद्दे पुस्तकातले, उदाहरण आपलं.

पेपरात इतिहासाला २८ आणि राज्यशास्त्राला १२ गुण. सविस्तर उत्तरं दोन, प्रत्येकी तीन गुणांची, म्हणजे पाच-सहा नेटके मुद्दे. डायजेस्टमध्ये याच उत्तराला दीड पान दिलेलं असतं आणि दोन गुणांच्या सकारण विधानालाही आठ मुद्दे. ते सगळं लिहायला गेलं की राज्यशास्त्रापर्यंत पोचताना शेवटची पंधरा मिनिटं उरतात, आणि खरं तर तिथले १२ गुण सर्वांत लवकर मिळणारे. विधान चूक की बरोबर यात नुसतं ‘चूक’ लिहून पुढे जाणं म्हणजे कारणाचे गुण सोडून देणं. चुकीची जोडी नुसती ओळखायची आहे की दुरुस्त करून लिहायची आहे, ते सूचनेतच बघायचं. उताऱ्याचा चार गुणांचा प्रश्न मुलं शेवटी ठेवतात. तो मध्येच सोडवून टाकावा, उत्तरं समोर छापलेली असतात.

अपेक्षित प्रश्नसंचाबद्दल : डिसेंबरआधी घेऊ नये. घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवायला तो ठीक, पण त्यातल्या ‘हमखास’ खुणांवर भिस्त ठेवली की उरलेली प्रकरणं कोरी राहतात. त्याआधी मंडळाच्या जुन्या प्रश्नपत्रिका संपवाव्यात, त्यांची भाषा खऱ्या पेपरची असते. मोफत व्हिडिओ व्याकरणाला उपयोगी, इतिहासाला नाही. वाचून जे दहा मिनिटांत होतं त्याला तिथे चाळीस लागतात. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, पण समासात लिहायला छापील प्रतच हवी.

दादरच्या पदपथावर किंवा ओळखीच्या घरून जुनं डायजेस्ट घेणार असाल तर आधी शेवटचा नमुना पेपर उघडा. इंग्रजीचा पेपर ८० गुणांचा असायला हवा. मध्ये एक वर्ष अंतर्गत गुण काढून १०० गुणांची लेखी परीक्षा झाली होती आणि त्या वर्षीच्या प्रती अजून फिरतात. इतिहासात राज्यशास्त्राचे प्रश्न सहाव्या प्रश्नापासून सुरू होतात का तेही बघा. जुळलं तर अर्ध्या किमतीत घ्यायला हरकत नाही, फक्त आधीच्या मालकाने पेनाने लिहिलेली उत्तरं असलेली प्रत नको.